आठ पॉइंट सहाचा जावई

आमच्या गावात मुलगा दहावीला आपटला की बाप म्हणतो, "असू दे, दुकानावर बसेल." आणि बारावी सुटला की म्हणतो, "केमिस्ट्री घेईल." तिसरा रस्ता कुणी काढलेलाच नाही. खाडीपलीकडे एस्टेट आहे, एस्टेटमध्ये रंगांचे, औषधांचे, खतांचे कारखाने आहेत, आणि आमच्याकडची माणसं दात घासता घासता खाडीकडे बघून सांगतात, "आज निळा काढलाय वाटतं." अशा गावात एकदा कुणाच्या तरी मुलाने इतिहास घेऊन बी.ए. करायचं ठरवलं, तर शेजारणी त्याच्या आईला भेटायला गेल्या. पांढऱ्या साड्या तेवढ्या नेसल्या नव्हत्या.

मीही त्याच मळलेल्या वाटेने गेले. तरुलता ठाकोरलाल रंगवाला, बी.एससी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. सर्टिफिकेट बाहेरच्या खोलीत टांगलंय, कुणीही येऊन बघावं. शेजारी नवऱ्याचं आहे. पास क्लास, दुसऱ्या खेपेला. येणारा-जाणारा दोन्ही वाचतो आणि मग माझ्याकडे बघून च्यक करतो, की बिचारी कुणाच्या गळ्यात पडली. मी म्हणते, करा च्यक. चहा घ्या आणि घरी जा.

तर ही गोष्ट त्या पास क्लासवाल्याची.

हर्षवदन दलाल त्याचं नाव. आडनाव दलाल, आणि जन्मात दोन माणसांचा सौदा जुळवता आला नाही. उंच, काटकुळा, कान असे बाहेर आलेले की लहानपणी कुणीतरी धरून ठेवले असावेत. बाप लवकर गेला. आई, इच्छाबेन, घरी खाखरे लाटून विकायची. खाखरा जरा करपला असेल तर हा दारातच गिऱ्हाइकाला सांगायचा, "मासी, आजचा थोडा करपलाय हं." इच्छाबेन आतून लाटणं घेऊन धावायची. "मेल्या, तू शाळेत जा! दारात उभा राहू नकोस!" म्हणून तो शाळेत इतका नियमित. लोकांना वाटायचं, अभ्यासाची गोडी आहे.

कॉलेजात आम्ही एका बेंचवर. बाटल्या एकत्र धुतल्या, एकाच रुमालाने हात पुसले, म्हणून मी त्याला अजून नावाने हाक मारते. माझ्या सासूला ते मरेपर्यंत खटकलं.

आता केमिस्ट्रीचं सांगते. तीन वर्षांत आम्हाला जे शिकवलं त्याचं सार एवढंच, की उत्तर आधी आणि प्रयोग नंतर. टायट्रेशन म्हणून एक प्रकार असतो. वर काचेची लांब नळी, ती ब्युरेट, तिच्यात जांभळं परमँगनेट. खाली फ्लास्कमध्ये मोहर सॉल्टचं पाणी, म्हणजे एक लोखंडाचा क्षार. वरून थेंब थेंब सोडत जायचं, खालचं पाणी फिकट गुलाबी झालं आणि तसंच राहिलं की थांबायचं, आणि नळीवर वाचायचं किती लागलं. शितावरून भाताची परीक्षा, तसं. आमच्या कॉलेजात ते शीत कुणी कधी चेपून बघितलं नव्हतं. परीक्षेतलं उत्तर पिढ्यान् पिढ्या ठरलेलं, दहा पॉइंट दोन. माझ्या चुलत बहिणीचं दहा-दोन, तिच्या नवऱ्याचं दहा-दोन. दोघांचं लग्नही त्यावरच जमलं असेल.

परीक्षेच्या दिवशी लॅबचे भीखुभाई ब्युरेट वाटत फिरायचे आणि हनुमान चालिसा म्हटल्यासारखं पुटपुटायचे, "दहा-दोन, दहा-दोन." अक्कल लागायची ती एवढीच की पहिलं रीडिंग दहा-चार लिहायचं आणि मग दोनदा दहा-दोन. पहिल्याच झटक्याला बरोबर आलं तर परीक्षकाला संशय येतो. खोट्यातही एक चूक पेरावी लागते, हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, आधीच्या वर्षाच्या पोरांनी शिकवलं.

आणि हा उंटावरचा शहाणा खरंच टायट्रेशन करायचा! आम्ही कँटीनमध्ये गरम लोचो खातोय, वर तेल, कांदा, शेव, आणि हा एकटा लॅबमध्ये गुडघे वाकवून, एक डोळा मिटून, ब्युरेटच्या रेघेशी नाक लावून उभा. मी हात धुवायला जायचे तेव्हा ओरडायचे.

"अरे, लिही ना दहा-दोन!"

"आलं नाही गं."

"न येऊन कुठं जाणारे? लिहिलं की येतं!"

तो बघायचा माझ्याकडे, जणू मीच फ्लास्कमध्ये काहीतरी टाकलंय, आणि पुन्हा ब्युरेट भरायचा.

मला तो आवडायचा. सरळ सांगते, उगाच आडपडदा कशाला? एकदा मी नवा पंजाबी ड्रेस घालून आले. सगळ्या वर्गाने, सगळ्या मैत्रिणींनी, कँटीनवाल्यानेसुद्धा म्हटलं, वा वा. हर्षवदनने नीट बघितलं आणि म्हणाला, "पडद्याचं कापड आहे हे." दोन दिवस बोलले नाही मी त्याच्याशी. मग घरी आरशात बघितलं तर मेलं खरंच पडद्याचं कापड! बापुजींनी कुणाचा तरी परत आलेला माल माझ्या अंगावर घातला होता. त्या दिवशी मी ठरवलं, लग्न करीन तर या गाढवाशी.

बापुजी म्हणजे माझे वडील, ठाकोरलाल रंगवाला. स्टेशन रोडवर रंगांचं दुकान. सुरतेच्या साड्या छापणाऱ्यांना रंग पुरवायचे. नमुना दाखवायचे एक, माल पाठवायचे दुसरा, आणि तक्रार आली की चेहरा तिसराच. "खोटं बोलण्यात पाप नाही, तरु," ते मला सांगायचे, "अडखळण्यात पाप आहे." मी एकुलती एक. गल्ल्यावर बसायला जावईच लागणार होता. हर्षवदन ज्ञातीतला, निर्व्यसनी, आणि केमिस्ट्रीत. कमी बोलतो, म्हणजे पोटात ठेवणारा असणार, असा त्यांनी हिशेब केला आणि तिसऱ्या वर्षाच्या संक्रांतीनंतर आमचे गोळधाणे खाल्ले. आमच्यात गूळ-धणे खाल्ले की लग्न ठरलं. पण अट होती. "परीक्षा सुटला की मे महिन्यात मांडव. नापास जावयाला मी माझ्या गल्ल्यावर बसवायचा नाही. नवसारीचं स्थळ अजून हातात आहे, विसरू नकोस."

नवसारीच्या त्या स्थळाचा बॉबिनचा कारखाना होता आणि मुलगा हसताना डोळे मिटायचा. मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक रावळसाहेब, काठियावाडकडचे, मोठं नाव. विद्यापीठ त्यांना पाठवायचं आणि ते आनंदाने यायचे, कारण आमच्या कॉलेजात परीक्षेच्या कमिटीपेक्षा परीक्षकाच्या जेवणाची कमिटी जास्त जागरूक होती. सकाळी सेवखमणी, दुपारी पुरी आणि दूधपाक, मग पंख्याखाली खुर्ची. रावळसाहेब खुर्चीत डोळे मिटून बसले की समजायचं, परीक्षा सुरू झाली.

आता इथे एक भानगड होती. मोहर सॉल्ट ताजं असलं की फिकट हिरवं असतं. हवा लागत राहिली, जुनं झालं, की आतलं लोखंड गंजल्यासारखं होतं, खडे पिवळट पडतात, आणि मग परमँगनेट कमी लागतं. हे आम्हाला पुस्तकात शिकवलं होतं. पण पुस्तकातलं लॅबमध्ये आणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. कॉलेजची बाटली आमच्या आधीपासूनची, बूच कधीच हरवलेलं, तोंडाला कापसाचा बोळा. आतला माल हळदीसारखा पिवळा. भीखुभाईंनी नेहमीच्या वजनाने तोच पाण्यात कालवला आणि जप सुरू केला, "दहा-दोन, दहा-दोन."

मी माझं परमँगनेट सिंकमध्ये ओतलं, रीडिंगं लिहिली, एक चूक पेरली आणि मोकळी झाले. शेजारी बघते तर हर्षवदन घामाघूम.

"काय झालं?"

"आठ-सहा येतंय."

"येऊ दे. दहा-दोन लिही."

"पुन्हा केलं. आठ-सहाच."

"हर्षवदन, मे महिन्यात लग्न आहे!"

"मग?"

"मग काय मग? नवसारी!" मी इतक्या जोरात कुजबुजले की पुढच्या बेंचवरची दोघं वळली. त्याने मान खाली घातली, तिसऱ्यांदा ब्युरेट भरली, आणि शेवटी पेपरात लिहिलं, आठ पॉइंट सहा, आठ पॉइंट सहा, आठ पॉइंट सहा. चूकसुद्धा पेरली नाही!

रावळसाहेबांनी पेपर बघितले. पानामागून पान उलटत गेले आणि एका पानावर त्यांची झोप उडाली.

"दलाल कोण? इकडे ये. अख्ख्या वर्गाचं दहा-दोन आणि तुझं आठ-सहा? हात थरथरतो काय रे तुझा?"

"नाही साहेब."

"मग?"

"आपण करून बघा, साहेब."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रावळसाहेबांचा चेहरा दूधपाकाचा होता तो कढीचा झाला. पण सगळा वर्ग बघतोय, माघार कशी घेणार? बाह्या वर केल्या. पिपेट हातात घेऊन आधी तिचं कुठलं टोक खाली धरायचं ते बघितलं. मग मात्र, खरं सांगते, माणसाने मन लावून टायट्रेशन केलं. कधीकाळी शिकलेले होते हो. थेंब थेंब सोडत गेले, फ्लास्क हलवत गेले, आणि पाणी गुलाबी झालं. आम्ही सगळे ब्युरेटकडे माना ताणून. भीखुभाई तेवढे पंख्याकडे बघत होते.

आठ पॉइंट सहा.

रावळसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. मग ब्युरेट जागेवर ठेवून म्हणाले, "आज माझाही हात बरा नाही," आणि चहा मागवला.

प्रिन्सिपॉल वशीसाहेबांच्या खोलीत बैठक बसली. उन्हाळा, दार उघडं, आणि आम्ही सगळे बाहेर भिंतीला चिकटून.

"रावळसाहेब," वशीसाहेब म्हणाले, "आठ-सहा खरं धरलं तर वर्ग नापास. दहा-दोन खरं धरलं तर एक नापास. आता आपणच सांगा, कॉलेज कुठलं उत्तर घेणार?"

"वशीसाहेब, सायन्समध्ये बहुमत नसतं."

"सायन्समध्ये नसेल. निकालात असतं."

तेवढ्यात जेवणाच्या कमिटीने ताटं आत नेली आणि चर्चा संपली. निर्णय असा झाला की बाटली निर्दोष आहे, सॉल्ट निर्दोष आहे आणि उमेदवाराचा हात कच्चा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भीखुभाईंनी ती निर्दोष बाटली लॅबमागच्या शेवग्याखाली खड्डा करून रिकामी केली. त्या शेवग्याला पुढल्या वर्षी काय शेंगा आल्या, विचारू नका.

निकाल लागला. मी फर्स्ट क्लास. हर्षवदन नापास.

बापुजी कपाळाला हात लावून बसले. "दोन आकडे लिहायचे होते. दोन! ते जमलं नाही याला. उद्या माझ्या गिऱ्हाइकाला काय सांगणार हा?" बा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "गोळधाणे खाल्लेत, लोक काय म्हणतील?" लोकांचं नाव काढल्यावर बापुजी जरा निवळले. म्हणाले, "एक वर्ष देतो. पुढच्या खेपेला शहाणा झाला तर मांडव. नाही झाला तर नवसारी, आणि मग रडायचं नाही."

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. हर्षवदन दिवसा एस्टेटमध्ये पिंपांवर नावं रंगवायचा आणि संध्याकाळी तेच तेच धडे वाचायचा. गावाने त्याचं नावच पाडलं, आठ-सहा. "काय आठ-सहा, कुठं निघालात?" पोरंसोरंसुद्धा. एकदा अंबाजीच्या देवळामागे मी त्याला गाठलं आणि अक्षरशः पदर पसरला.

"एकदा खोटं बोल. एकदाच. माझ्यासाठी."

त्याने चपलेने माती उकरली. मग म्हणाला, "बोललो असतो गं तरु. पण मग पुढे तू कधी विचारलंस, मी बरी दिसते का, तर तुला कसं कळणार मी खरं सांगतोय ते?"

असा राग आला मला! त्याचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. "तुझं बरोबर घेऊन बस, मी चालले नवसारीला!" म्हणून तरातरा घरी आले आणि बाच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. बाला वाटलं, दाढ दुखतेय. लवंग दिली.

पुन्हा मार्च आला, पुन्हा रावळसाहेब, पुन्हा सेवखमणी. पण या खेपेला वशीसाहेबांनी गुपचूप नवी बाटली मागवली होती. पुन्हा कुणी 'करून बघा' म्हणालं तर काय घ्या! खडे कसे, कोवळ्या हुरड्यासारखे हिरवे. भीखुभाईंचं वजन तेच, जप तोच.

हर्षवदनने टायट्रेशन केलं. दहा पॉइंट दोन. त्याचा विश्वास बसेना. पुन्हा केलं. दहा पॉइंट दोन. तिसऱ्यांदा तेच. मग म्हणे त्याने चौथ्यांदा केलं, स्वतःच्या मनासाठी, आणि चौथ्यांदाही मेलं दहा पॉइंट दोन. बेंचवर टेकला आणि डोळे पुसले त्याने.

रावळसाहेबांनी पेपर बघितला आणि उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! झालास शहाणा!"

"साहेब, खरंच आलं."

"हो हो," रावळसाहेब डोळा मिचकावून म्हणाले, "मलाही नेहमी खरंच यायचं."

भीखुभाईंनी लांबून हात जोडले. वशीसाहेबांनी निकालाच्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर पेढा भरवला आणि भाषण केलं की ही संस्था नुसते विद्यार्थी नाही, माणूस घडवते. अख्ख्या गावाने सुस्कारा सोडला. आठ-सहा सुधारला एकदाचा! आणि तो माझ्याकडे आला तर चेहरा असा, जणू कुणीतरी खिसा कापलाय.

"तरु, मी दोन्ही खेपेला आलं तेच लिहिलं. कुणी मानतच नाही गं."

"नको मानू दे!" मी म्हटलं. "पास झालास ना? तोंड मिटून ठेव आणि मांडवात ये."

पण आमचे बापुजी पक्के वेपारी. माल हातात घेऊन बघितल्याशिवाय घेणार नाहीत. त्यांनी हर्षवदनला रविवारी घरी बोलावलं. हिंडोळ्यावर स्वतः बसले, समोर खुर्चीवर याला बसवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी.

"पास झालास, आनंद आहे," बापुजी म्हणाले. "पण मला दुसरंच बघायचंय. शहाणा झालास की नाही? लिहिलंस ना आपलं नेहमीचं, दहा-दोन?"

बघा आता काय पेच! 'हो काका, तुमचं ऐकलं, ठोकून दिलं,' एवढं म्हणायचं होतं. म्हणजे या प्राण्याने खोटं बोललो असं खोटं बोलायचं होतं, की झालं लग्न. मी दाराआडून मान हलवून दाखवतेय, हो म्हण, नुसती मान हलव.

"ठाकोरकाका," हर्षवदन म्हणाला, "आलं तेच लिहिलं."

माझ्या डोळ्यांपुढे बॉबिनचा कारखाना उभा राहिला.

हिंडोळा थांबला. "म्हणजे खरंच दहा-दोन आलं?"

"हो."

"गेल्या वर्षी आठ-सहा आणि यंदा बरोब्बर दहा-दोन?"

"बरोब्बर."

"तिन्ही वेळा?"

"चारदा, काका. चौथ्यांदा मी मनासाठी केलं."

बापुजी पुढे वाकले. कापड उन्हात धरून बघतात तसं त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. हा पण सरळ बघतोय, पापणी हलत नाही. आणि मग बापुजींनी मांडीवर अशी थाप मारली की हिंडोळ्याच्या कड्या करकरल्या.

"अरे वाह! तरुची आई, बाहेर ये! बघ, बघ याच्याकडे! जन्म गेला माझा गल्ल्यावर, अजून माझी पापणी हलते. याची हलली नाही! वर म्हणतो, चारदा! अगं, असा जावई शोधून मिळत नाही!"

हर्षवदनने तोंड उघडलं. मी धावत बाहेर आले आणि त्यात अख्खा पेढा कोंबला. केमिस्ट्री शिकल्याचा तेवढा एकच उपयोग, योग्य वेळी योग्य माल योग्य भांड्यात.

मे महिन्यात मांडव पडला.

जावई गल्ल्यावर बसला आणि पहिल्याच आठवड्यात सुरतेचे जरीवाला आले. मोठं गिऱ्हाईक. लाल रंगाचा डबा उघडून विचारलं, "कसा आहे?"

"धुतल्यावर उतरतो," हर्षवदन म्हणाला.

आत जेवत बसलेल्या बापुजींनी हातातला घास ताटात टाकला. जरीवालांनी डब्याचं झाकण लावलं. असं त्यांना या रस्त्यावर कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मग म्हणाले, "आणि निळा?" "निळा पक्का आहे." निळ्याची दुप्पट ऑर्डर देऊन गेले. बापुजी बाहेर आले ते हात चोळत. "बघितलंस तरु? आधी स्वतःच खोड सांगितली आणि मग खिशात हात घातला! ही विद्या मलाही नव्हती गं."

असं वर्षानुवर्षं चाललं. हा गिऱ्हाइकाला आहे ते सांगायचा, गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं सोडून इथेच चिकटायचं, आणि बापुजी लग्नांच्या पंगतीत सांगत फिरायचे की आमच्या जावयासारखा ठग अख्ख्या सुरत जिल्ह्यात नाही. हर्षवदन कळवळून म्हणायचा, "बापुजी, मी फक्त खरं सांगतो हो." "हो हो, असंच सांगायचं. अगदी याच आवाजात." मी एकदा स्पष्टच म्हटलं, "बापुजी, तो खरंच खरं बोलतो." तर कौतुकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी. "तुलासुद्धा पटवलंय? वाह रे पठ्ठ्या!" पालथ्या घड्यावर पाणी. मी नाद सोडला.

मग बापुजींच्या किडन्या गेल्या. जन्मभर रंगांच्या भुकटीत बसलेला माणूस, त्यांचा थुंकासुद्धा कधीकधी निळा असायचा. सुरतेच्या हॉस्पिटलात ठेवलं. जो येईल तो सांगायचा, बरं होऊन जाईल. डॉक्टर हसून सांगायचे, मामा पाय चेपत सांगायचा, बा देवाचं कुंकू लावून सांगायची. आणि बापुजी वैतागायचे. जन्मभर तोच धंदा केलेला माणूस, त्याला काय कळत नाही?

"सगळे कच्चं बोलतात," एका दुपारी ते मला म्हणाले. "तुझा मामा तर चक्क अडखळला. लाज नाही वाटत? हर्षवदनला बोलाव."

तो आला, स्टुलावर बसला. मी खिडकीशी मोसंबं सोलत होते.

"तू बोल," बापुजी म्हणाले. "तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. मला नीट ऐकायचंय एकदा. सांग, दिवाळीला गादीवर बसून वह्यांचं चोपडापूजन मीच करणार ना?"

मी पुन्हा तीच मान हलवली. हो म्हण रे. या एकाच वेळी म्हण. बाप आहे तो माझा. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"नाही, बापुजी," तो म्हणाला. "मलाच करावं लागेल असं दिसतंय."

बापुजींनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तसंच, उन्हात कापड धरल्यासारखं. हर्षवदनचे डोळे भरून आले होते, गालावरून ओघळ चालले होते, पण पापणी हलली नाही. माझ्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं.

"मग ते दहा-दोन?" बापुजींनी हळूच विचारलं.

"आलं तेच लिहिलं होतं."

"चारदा?"

"चारदा."

"आणि जरीवालाला?"

"रंग उतरत होता, बापुजी."

बापुजींनी मान माझ्याकडे वळवली. "तरु! अगं, फसवलं मला या मेल्याने! पक्का खोटारडा समजून मुलगी दिली मी याला!" आणि जे हसायला लागले ते खोकला येईपर्यंत, नर्स धावत येऊन आम्हाला ओरडेपर्यंत.

ती गेल्यावर त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर मामा, मामी, दुकानाची माणसं, सगळे 'बरं होऊन जाईल'चे चेहरे करून बसले होते. बापुजी म्हणाले, "त्या सगळ्यांना घरी पाठव. हा बसू दे माझ्याजवळ." मी उठले, तर म्हणाले, "तू पण बस. पण मान हलवू नकोस."

मग त्यांनी हर्षवदनचा हात धरला आणि एकेक विचारायला घेतलं. दुखणं किती वाढेल, बाला कोण बघेल, सगळं. पण पहिला प्रश्न रंगाचा होता.

"आपला तो लाल. खरं सांग. लाल होता का रे?"

"विटकरी, बापुजी."

"मला पण तसंच वाटायचं," बापुजी म्हणाले, आणि त्याचा हात तसाच धरून डोळे मिटून पडून राहिले.